पेंटरच्या ब्रशातला बोरू

चिंचपोकळी, करी रोड, परळ, दादर. लोकलच्या स्थानकांची नावं पूर्वी पेंटर हाताने रंगवत. त्या अक्षरांवरून कॅथरीन ली श्मिट यांनी ‘यात्रा वन’ हा फॉन्ट केला. गूगल फॉन्ट्सवर तो फुकट मिळतो. त्यात नागरी आधी घडली, रोमन मागाहून. गंमत अशी, की या रोमनने जाड-बारीक रेघांचा तिरकसपणा नागरीकडून घेतला आहे. रोमन कलमाची जाड रेघ उजवीकडे उतरते. नागरीचा बोरू उलट तिरका कापतात, म्हणून त्याची जाड रेघ डावीकडे उतरते. दादरचा ‘र’ पाहा: वरच्या वळणातून डावीकडे येताना भरदार, खालची शेपटी उजवीकडे निघाली की बारीक. कोन ४५ अंशांचा धरला तर शिरोरेघ आणि काना सारख्याच जाडीचे होतात.

पण पेंटरच्या हातात बोरू कुठे होता? चपट्या ब्रशानेच हा तिरकसपणा आणला, असं कुणी म्हणेल. ते पटत नाही. पाटीवरचं मोठं अक्षर ब्रशाच्या एका फटक्यात होत नाही. आधी बाह्यरेषा आखायची, मग आत रंग भरायचा. म्हणजे कुठे जाड आणि कुठे बारीक हे ब्रश नव्हे, पेंटर ठरवतो. शिवाय त्याच पाटीवर, त्याच ब्रशाने रंगवलेलं इंग्रजी सरळसोट, एकाच जाडीचं असायचं. दुसरा दावा छापखान्याचा. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, त्याच्यासाठी राणोजी रावजी आरूंनी खिळ्यांचे साचे कोरले, आणि ते वळण महाराष्ट्राच्या डोळ्यांत बसलं. पेंटरने तेच उचललं असेल का? थोडंफार, हो. पण खिळ्यातली वेलांटी ओतली तेवढीच राहते. ‘चिंचपोकळी’तल्या पहिल्या ‘च’वर ती हवी तेवढी ओढून अनुस्वाराला जागा करणं हाताचं काम. आणि निर्णयसागरचं वळण तरी कुठलं? तेही बोरूचंच. माझा तर्क असा, की पेंटरने हे वळण शाळेतल्या कित्त्यातून आणलं. बोरूने कित्ता गिरवलेल्या हाताला ब्रश मिळाला तरी वळण जुनंच राहिलं.

फलाटावर ‘यात्रा वन’सारखं तिरकस इंग्रजी कधीच नव्हतं, मग हे पुनरुज्जीवन कसलं, हा आक्षेप रास्त आहे. नुसती नक्कल करायची तर पाटीचा फोटो पुरला असता. फॉन्टाला मात्र पाटीवर कधी न आलेली अक्षरंही घडवावी लागतात, आणि त्यासाठी जुन्या अक्षरांमागचा नियम हुडकावा लागतो. श्मिट यांनी तो नागरीत शोधला. पूर्वी उलट घडलं होतं: रोमनसाठी बनलेल्या टाइपरायटरच्या मोजक्या कळांत बसण्यासाठी नागरीने आपली जोडाक्षरं मोडून घेतली होती. इथे मोडतं घेतलं ते रोमनने. हे मला नकलेपेक्षा जास्त प्रामाणिक वाटतं.