एफसी पुणे सिटी : प्रशिक्षकबदल आणि समर्थक

एफसी पुणे सिटी हा इंडियन सुपर लीगमध्ये २०१४ ते २०१९ या काळात खेळलेला फुटबॉल संघ होता. बालेवाडी हे त्याचे घरचे मैदान. आळे-जुन्नरकडील प्रेक्षकांनाही लीगचे सामने पाहण्यास तेच जवळचे. त्याचा समर्थकगट 'ऑरेंज आर्मी' या नावाने ओळखला जाई.

पाच हंगामांत फ्रांको कोलोम्बा, डेव्हिड प्लॅट, अंतोनियो हबास, रांको पोपोविच, मिगेल आंगेल पोर्तुगाल आणि फिल ब्राउन असे सहा प्रशिक्षक झाले. पोपोविच यांच्या कारकिर्दीत (२०१७-१८) संघ प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचला. तेथे बंगळूरूने त्याला हरवले. पुढील हंगामात पोर्तुगाल आले आणि अवघ्या तीन सामन्यांनंतर गेले. ब्राउन येईपर्यंत प्रद्युम रेड्डी यांनी हंगामी जबाबदारी सांभाळली.

संघ हरू लागला की प्रशिक्षक बदला, अशी समर्थकांची मागणी जगभर ऐकू येते. पुण्याच्या समर्थकाची अडचण निराळी होती : एका प्रशिक्षकाची खेळपद्धती अंगवळणी पडण्याआधीच दुसरा येई, त्यामुळे अपयशाचा दोष नेमका कोणाला द्यावा हेच ठरत नसे. २०१९ मध्ये संघ बंद होऊन लीगमधील त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. ब्राउन हेच त्या नव्या संघाचे पहिले प्रशिक्षक झाले. पुणेकरांना लीगमध्ये आपला म्हणावा असा संघ उरला नाही.