मॅड ॲज अ हॅटर

मॅड ॲज अ हॅटर : ठार वेडा किंवा कमालीचा विक्षिप्त, या अर्थाचा इंग्रजी वाक्प्रचार. शब्दशः 'हॅट बनवणाऱ्या कारागिरासारखा वेडा'. बोलण्यात तो बहुधा थट्टेच्या सुरात येतो. खऱ्या मनोरुग्णाला सहसा कोणी तसे म्हणत नाही. गल्लीतल्या तऱ्हेवाईक म्हाताऱ्याला मात्र हमखास म्हणतात. एकोणिसाव्या शतकात त्याला 'भयंकर संतापलेला' असाही अर्थ होता, कारण 'मॅड' या शब्दाला रागाची छटा तेव्हाही होती आणि अमेरिकेत ती आजही आहे.

हा वाक्प्रचार लुइस कॅरलने जन्माला घातला, असे पुष्कळांना वाटते. त्याचे 'ॲलिसेस ॲडव्हेंचर्स इन वंडरलँड' १८६५ साली प्रसिद्ध झाले. त्यातल्या सातव्या प्रकरणात चहाचे टेबल मांडून बसलेला हॅटर भेटतो. काळाशी त्याचे भांडण झाल्यामुळे त्याच्यासाठी कायम संध्याकाळचे सहाच वाजलेले असतात, त्यामुळे चहा कधी संपत नाही आणि कपबशा धुवायला सवडही मिळत नाही. गंमत अशी, की 'मॅड हॅटर' हे जोडनाव पुस्तकात एकदाही येत नाही. पात्राचे नाव नुसते 'हॅटर'. प्रकरणाचे नाव 'अ मॅड टी-पार्टी', आणि हॅटर व मार्च हेअर दोघेही वेडे असल्याचे चेशायर मांजर ॲलिसला आधीच सांगून ठेवते. बाकीचे काम वाचकांनी केले. कॅरलने १८६४ साली ॲलिस लिडेल या मुलीला आपल्या हाताने लिहून दिलेल्या पहिल्या मसुद्यात तर ही चहाची मैफल नव्हतीच. ती छापील पुस्तकासाठी नंतर रचली गेली.

पण वाक्प्रचार त्याचा नव्हता. कॅरलने आधीच प्रचारात असलेली एक म्हण उचलली आणि तिला हात-पाय, टोपी आणि वाचा दिली. शेजारी बसवलेला मार्च हेअर हा रानससाही असाच म्हणीतून आलेला आहे. मार्च महिन्यात, विणीच्या हंगामात, रानससे उड्या मारतात आणि एकमेकांशी मारामारी करतात. त्यावरून 'मार्चमधल्या सशासारखा वेडा' ही उपमा इंग्रजीत सोळाव्या शतकापासून आढळते. टेबलावरचे हे दोन्ही यजमान भाषेतूनच आले आहेत.

हॅटरच्या म्हणीची छापील नोंद १८२९ सालापर्यंत मागे नेता येते. 'ब्लॅकवुड्स एडिनबरो मॅगझिन' या मासिकात एका खानावळीत रंगणाऱ्या काल्पनिक गप्पांची मालिका येत असे. तिच्यातले एक पात्र आपण कधीकाळी सुलतान होतो असे सांगू लागते, तेव्हा दुसरे पात्र हळूच हा शेरा मारते आणि लगेच चिरूट मागते. शेऱ्याचे स्पष्टीकरण देण्याची गरज लेखकाला वाटलेली नाही, म्हणजे वाचकांना तो आधीच ठाऊक असावा. पुढे १८३०च्या दशकात कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचा विनोदी लेखक टॉमस चँडलर हॅलिबर्टन याने 'द क्लॉकमेकर'मध्ये खोलीतून तणतणत निघून जाणाऱ्या बहिणीसाठी तो वापरला. ती वेडी नाही, चिडलेली आहे. थॅकरेच्या 'पेंडेनिस' या कादंबरीतही (१८४८–५०) तो येतो.

आता प्रश्न उरतो तो हॅटवाल्याचाच. शिंपी, चांभार, न्हावी असे इतके धंदे असताना वेड याच्याच वाट्याला का?

सर्वांत गाजलेले उत्तर पाऱ्याचे आहे. फेल्टची हॅट विणलेली नसते. जनावराचे केस ओलावा, उष्णता आणि दाब देऊन एकमेकांत गुंतवले की त्यांचा नमदा तयार होतो. बीव्हर या प्राण्याची मऊ लव आपसूक गुंतते, पण ती महाग. साध्या सशाचे किंवा रानसशाचे केस गुळगुळीत असतात आणि दाबूनही नीट धरत नाहीत. म्हणून कातड्यावरच्या केसांना पाऱ्याच्या नायट्रेटचे द्रावण ब्रशने फासले जाई. त्याने केसांवरचे सूक्ष्म खवले उभे राहत आणि मग केस एकमेकांना घट्ट पकडत. कातडी वाळताना केसांची टोके नारिंगी होत, त्यामुळे इंग्रजी कारखान्यांत या कामाला 'कॅरटिंग', म्हणजे गाजरासारखे करणे, असे नाव पडले. स्वस्त हॅटची किंमत अशी दुसरीकडेच वसूल होत होती.

विष एका टप्प्यावर थांबत नसे. केस कापताना आणि पिंजताना पारा मिसळलेली धूळ उडे. पुढे नमद्याचा शंकू उकळत्या पाण्यात आणि वाफेत आटवून साच्यावर ताणताना पाऱ्याची वाफ निघे. हिवाळ्यात ऊब टिकावी म्हणून खिडक्या बंद, आणि कारागीर दिवसभर त्याच हवेत. आधी हिरड्या सुजत, तोंडाला लाळ सुटे, दात हलू लागत. मग बोटांना, पापण्यांना, ओठांना कंप सुटे. सही करणे किंवा भरलेला कप उचलणे अवघड होऊन बसे. मनावरचा परिणाम डॉक्टरांनी 'एरेथिझम' या नावाने नोंदवला: झोप उडणे, चिडचिड, विसराळूपणा आणि विलक्षण बुजरेपणा. कोणी पाहत आहे म्हटले की रोग्याला काम जमेनासे होई.

अमेरिकेत न्यू जर्सीतले डॉक्टर जे. ॲडिसन फ्रीमन यांनी हॅट कारागिरांच्या या आजाराचे वर्णन १८६० साली प्रसिद्ध केले. कनेटिकट राज्यातले डॅनबरी हे तर हॅटचे गावच. तिथल्या कामगारांना निदानासाठी डॉक्टरांची वाट पाहावी लागली नाही. थरथरीला त्यांनी 'डॅनबरी शेक्स' असे घरगुती नाव देऊन टाकले होते. एवढे सगळे माहीत असूनही पाऱ्याचा वापर तिथे थांबला तो डिसेंबर १९४१ मध्ये. त्यामागे केवळ कामगारांची कणव नव्हती. महायुद्धात स्फोटकांच्या टोप्यांसाठी पारा हवा होता.

आजार खरा, कारखाने खरे, म्हणीतला कारागीरही तोच. तरीही दुवा सिद्ध होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. १८२९च्या त्या गप्पांत पाऱ्याचा उल्लेख नाही, आणि फ्रीमन यांचे वैद्यकीय वर्णन म्हणीनंतरचे आहे. त्याहून मोठी अडचण लक्षणांची. १९८३ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एच. ए. वॉल्ड्रन यांनी नेमका हाच प्रश्न घेऊन एक छोटा लेख लिहिला. पाऱ्याने पछाडलेला माणूस लाजरा, खालमानेने वावरणारा असतो. कॅरलचा हॅटर मात्र वाचाळ, आगाऊ आणि पाहुणीला कोडी घालणारा. वॉल्ड्रन यांनी त्याला पाऱ्याचा रोगी मानायला नकार दिला. त्यांचा आक्षेप पात्रापुरता होता, पण म्हणीलाही तो बराचसा लागू पडतो: जिला थट्टेतला वेडा अभिप्रेत आहे, तिच्यात हा दबलेला, थरथरणारा कारागीर चटकन बसत नाही.

कॅरलच्या पुस्तकाचा चित्रकार टेनिअल याच्या चित्रातला हॅटर पाहिला तर आणखी एक शंका येते. त्याच्या डोक्यावर उंच टॉप हॅट आहे आणि तिच्यावर दहा शिलिंग सहा पेन्स अशी किमतीची चिठ्ठी. १८९०च्या 'द नर्सरी ॲलिस'मध्ये कॅरलने ही विकायची टोपी असल्याचे मुलांना सांगितलेही आहे. पण १८६५पर्यंत लंडनमध्ये अशा टोप्या बहुतेक रेशमी कापडाच्या होत होत्या, आणि त्यांना केसांचा नमदा लागत नसे.

इतर उपपत्ती कमजोर आहेत. 'हॅटर' हा विषारी सापाच्या जुन्या इंग्रजी नावाचा अपभ्रंश, असे काहींनी सुचवले. आधार फारसा नाही. काही जण सतराव्या शतकातल्या रॉजर क्रॅबकडे बोट दाखवतात. बकिंगहमशरमधल्या चेशम गावी त्याचे हॅटचे दुकान होते. त्याने सगळी मालमत्ता वाटून टाकली आणि पालेभाज्या व गवतावर राहू लागला. माणूस नामी, पण त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ दीडशे वर्षे म्हणीचा छापील पत्ता लागत नाही.

पाऱ्याच्या बाजूने नेहमी पुढे केला जाणारा खरा हॅटर म्हणजे बॉस्टन कॉर्बेट. लिंकनचा मारेकरी जॉन विल्क्स बूथ याला एप्रिल १८६५ मध्ये गोळी घालणारा हा सैनिक धंद्याने हॅट कारागीर होता. धर्मवेडाच्या भरात त्याने स्वतःचे वृषण कापून घेतले होते. पुढे १८८७ साली कॅन्ससच्या विधिमंडळात पिस्तूल रोखल्यावर त्याची रवानगी टोपीकाच्या वेड्यांच्या इस्पितळात झाली, आणि पुढच्या वर्षी तो तिथून पळाला. त्याच्या वेडाला पारा कारणीभूत होता, असे अनेक चरित्रकार म्हणतात. तपासणार कसे, हा भाग वेगळा.

उपपत्ती सिद्ध झाली नसली तरी ती पात्रात मात्र शिरली. दिग्दर्शक टिम बर्टनच्या २०१०च्या 'ॲलिस इन वंडरलँड' या चित्रपटात जॉनी डेपने रंगवलेल्या हॅटरचे केस भडक नारिंगी आहेत. पाऱ्याने कारागिरांचे काय होई ते वाचून आपण ही भूमिका उभी केल्याचे डेपने मुलाखतीत सांगितले, पण त्याने पारा डिंकात असल्याचे म्हटले. तो असे केसांवर. दहाच वर्षांनी, जपानमधल्या मिनामाता इथल्या पाऱ्याच्या विषबाधेवरच्या चित्रपटात, ती विषबाधा जगापुढे आणणारा छायाचित्रकार यूजीन स्मिथ याची भूमिका पुन्हा डेपनेच केली.