दोन वीणा, एक कान

आमच्या शाळेच्या प्रार्थनेत एक मुलगी जीव तोडून गात असे. षड्ज बरा लागे, पंचमही लागे; पण गांधार आला की तो पेटीच्या गांधाराखाली कुठेतरी राही. स्नेहसंमेलन जवळ आले तेव्हा मी तिला मागच्या रांगेत उभी केली आणि म्हटले, "तू नुसते ओठ हलव." हे आता सांगताना लाज वाटते. पोरीने मान हलवली आणि निमूटपणे मागे गेली.

त्या रात्री मला झोप लागेना. मी गवई नव्हे. मुलांना मराठी शिकवतो आणि फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. मग कोणत्या अधिकाराने मी तिला बेसूर ठरवले? एका स्वरापासून दुसरा किती दूर आहे हे ओळखणारा कान माणूस जन्मतःच घेऊन येतो, की तो घडवावा लागतो? गाता येत नसले तरी जुने ग्रंथ चाळता येतात. ते चाळू लागलो आणि त्यांत मला एक मोठी रंजक गोष्ट सापडली. दिवाळीच्या फराळाबरोबर ती वाचकांपुढे ठेवतो.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या नाट्यशास्त्रात भरतमुनींनी एक प्रयोग सांगितला आहे. सारख्या आकाराच्या, सारख्या तारांच्या दोन वीणा घ्या आणि दोन्ही एकाच सुरात लावा. आता एकीला हात लावू नका. दुसरीचा पंचम एक श्रुती, म्हणजे अगदी किंचित, उतरवा आणि बाकीचे स्वरही तेवढेच उतरवा. आणखी एकदा असेच उतरवले की तिचे गांधार-निषाद पहिलीच्या ऋषभ-धैवतांत मिसळतात. म्हणजे त्यांच्यात अंतर दोन श्रुतींचे. तिसऱ्या खेपेस ऋषभ-धैवत हे षड्ज-पंचमांत जातात. ते अंतर तीन श्रुतींचे. चौथ्या खेपेस षड्ज, मध्यम आणि पंचम हे अनुक्रमे निषाद, गांधार आणि मध्यम यांत मिळतात. ते चार श्रुतींचे. सात अंतरांची बेरीज करा, 22 श्रुती भरतात.

या साऱ्या खटाटोपात मोजपट्टी कुठेच नाही. दोन सूर मिसळले की नाही, याला साक्षीदार एकच, आणि तो म्हणजे ऐकणाऱ्याचा कान! भरतांनी परस्परांशी संवाद करणारे स्वरही सांगून ठेवले आहेत. ज्यांच्यात नऊ किंवा तेरा श्रुतींचे अंतर, ते संवादी. आजचे गवई ज्यांना षड्ज-मध्यम भाव आणि षड्ज-पंचम भाव म्हणतात ते हेच. कानाला प्रथम हीच नाती कळतात. आधी पंचम, मग मध्यम. बाकीचे आप्तेष्ट मागाहून.

पुढे तेराव्या शतकात ही विद्या आपल्या देवगिरीच्या दरबारी आली. सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा पंडित होता. त्याचे घराणे मूळ काश्मीरचे, आणि राजाच्या दरबारात त्याच्याकडे काम होते हिशेबाचे! त्याने 'संगीतरत्नाकर' लिहिला आणि त्यात बावीस बावीस तारांच्या दोन वीणा सांगितल्या. पहिली तार होईल तितकी खाली लावायची आणि दुसरी तिच्याहून किंचित वर. इतकी किंचित की दोहोंच्या मध्ये तिसरा नाद शिरू नये. याप्रमाणे बावीसही तारा लावायच्या. राज्याचा जमाखर्च आकड्यांनी मांडणाऱ्या या माणसाने स्वरांचा हिशेब मात्र कानावर सोपवला.

आकड्यांची पाळी आली ती विसाव्या शतकात, आणि तीही सांगलीत. कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. पेन्शन घेऊन स्वस्थ बसावे, तर या गृहस्थांनी बावीस श्रुतींचा ध्यास घेतला. त्यांना साथ मिळाली किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची. खाँसाहेबांनी गावे आणि देवलांनी मोजावे, असा तो उद्योग होता. 1910 साली देवलांचे इंग्रजी पुस्तक निघाले. क्लेमेंट्स नावाच्या इंग्रज सनदी अधिकाऱ्याने तोच धागा पुढे नेला आणि श्रुतींची खास पेटीही तयार झाली. 1916 साली बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मोठी संगीत परिषद भरली, तिथे या पेटीवरून कडाक्याचा वाद झाला. पंडित भातखंडे यांना तो हिशेब पटला नाही. श्रुती सारख्या की लहानमोठ्या, हा वाद पुढेही चालूच राहिला. पण ज्याच्यावर आकडा बसवायचा तो सूर देवलांनीही यंत्राकडून घेतला नव्हता, घेतला तो खाँसाहेबांच्या गळ्यातून, हे विसरून चालणार नाही.

एवढे वाचल्यावर मला माझ्या शाळेची पेटी आठवली. एका सप्तकाचे 1200 सूक्ष्म भाग कल्पिले, तर पेटीचा शुद्ध गांधार षड्जापासून 400 भागांवर असतो, कारण तिच्या बारा पट्ट्या समान अंतराने लावलेल्या असतात. तंबोऱ्यातला स्वयंभू गांधार मात्र सुमारे 386 वर असतो. पंचमात फरक अवघ्या दोन भागांचा, गांधारात चौदांचा! पेटीवर पूर्वीपासून आक्षेप आहेत ते अशाच कारणांनी. आकाशवाणीने 1940 साली तिला दारच बंद केले होते. ते किलकिले व्हायला 1971 साल उजाडले.

ती मुलगी बरोबर होती आणि पेटी चूक, असे मी म्हणत नाही. कदाचित ती त्याहूनही खाली जात असेल. पण मी तिला पेटीच्या तराजूत तोलले आणि तो तराजूच चौदा भागांनी जड होता, एवढे मात्र खरे.

शेजारी एका गृहस्थांकडे मिरजेचा तंबोरा होता, तो मागून आणला. त्यांनीच जवारीचा दोरा सरकवून तो लावून दिला. पंचम, जोडीचे दोन षड्ज आणि खर्ज. शाळा सुटल्यावर मी त्या मुलीला समोर बसवले आणि सांगितले, "गाऊ नकोस, नुसते ऐक." पहिले काही दिवस ती कंटाळली. मग पंचम उचलू लागली. एके दिवशी मी खर्जाची तार छेडली आणि तिने एकाएकी मान वर केली.

"गुरुजी, या तारेतून आणखी कोण गातंय?"

चार तारांपैकी एकही गांधाराची नव्हती. पण खर्जाच्या पोटात तो वाजत होता आणि तो तिने ऐकला होता. खरे सांगायचे तर मला तो तोवर कधी ऐकूच आला नव्हता. मी डोळे मिटले, तार पुन्हा छेडली आणि तिलाच विचारले, "कुठे गं?" तिने तो स्वर हलकेच गाऊन दाखवला, तेव्हा कुठे मला सापडला.

स्नेहसंमेलनाला ती पहिल्या रांगेत होती. पेटी मी कपाटातच ठेवली.