बागांचे शहर आणि शेजाराचे पाणी

एखाद्या गावाचा इतिहास सांगावयाचा म्हटला, की लक्ष सहज तख्ताकडे आणि तोफांकडे वळते. अहमदनगरच्या बाबतीत तर हा मोह विशेषच होतो. निजामशाहीची ही राजधानी. चांदबिबीने मोगलांशी झुंज दिली ती येथे, आणि १८०३ साली वेलस्लीने शिंद्यांकडून किल्ला जिंकला तोही येथलाच. परंतु ह्या शहरातील सामान्य माणसांनी पाणी कोठून भरले, शेजाऱ्यांशी ती कशी वागली आणि सुट्टीच्या दिवशी पाय मोकळे करावयास कोठे गेली, असे विचारले म्हणजे तोच इतिहास निराळ्या बाजूने दिसू लागतो. २०२४ पासून शहराचे नाव अहिल्यानगर झाले आहे. लोकांच्या तोंडी मात्र ते पूर्वीपासून नुसते ‘नगर’च आहे.

ह्या नगरात किल्ल्याच्या आधी बाग आली. २८ मे १४९० रोजी भिंगारजवळ मलिक अहमदाने बहामनी फौजेचा पाडाव केला. ह्या विजयास पुढे ‘बागेचा विजय’ म्हणू लागले. कारण त्या जागी त्याने वाडा बांधून भोवती बाग लावली. तीच बाग निजाम. भुईकोट किल्ला पुढे त्याच जागी उभा राहिला, आणि शहर सीनेच्या काठी वसत गेले.

बाग लावणे सोपे, पण जगविणे कठीण. हा मुलूख पर्जन्यछायेतला. वर्षाकाठी पाऊस वीस-बावीस इंचांच्या आसपास, तोही लहरी. आणि उन्हाळ्यात सीनेचे पात्र कोरडे. तेव्हा पाणी दुरून आणणे भागच होते. कापूरवाडी, वडगाव, शहापूर, भिंगार अशा ठिकाणांहून, उंचावरल्या विहिरींचे पाणी भाजक्या मातीच्या नळांतून जमिनीखालून शहराकडे आणण्यात आले. ह्यांस खापरी नळ म्हणत. नळांभोवती चुन्याचे पक्के बांधकाम असे, आणि कोंडलेली हवा निघून जावी, गाळ खाली बसावा, म्हणून वाटेत उच्छ्वास बांधलेले असत. ह्या वाटेवर ना मोट होती ना बैल. केवळ उताराच्या जोरावर पाणी वाहत येई आणि हौदांत पडे.

ह्याच पाण्यावर सुलतानांचे विलास फुलले. शहराच्या आग्नेयेस दोन मैलांवर, तळ्याच्या मधोमध, फराहबागेचा दुमजली महाल १५८३ च्या सुमारास पुरा झाला. सावेडीच्या बाजूस हश्त बिहिश्त, म्हणजे ‘आठ स्वर्ग’, नावाची दुसरी बाग होती. तिच्याही पाण्यात अष्टकोनी महाल होता. पूर्वेच्या शहाडोंगरावर मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान ह्याची तीन मजली अष्टकोनी कबर आहे. लोक तिला ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात. चांदबिबीचा तिच्याशी काही संबंध नाही. पण लोकांना जी व्यक्ती प्रिय, तिच्या नावे त्यांनी आपल्या आवडीची जागा करून टाकली आहे, असेच म्हणावे लागेल.

१६०० साली शहर मोगलांच्या हाती पडले. १७५९ मध्ये पेशव्यांनी किल्ला मिळविला. पुढे शिंदे आले, इंग्रज आले. ह्या उलथापालथीत बागा सुकल्या आणि तळी आटली. परंतु एक गोष्ट घडली. राजाची बाग उजाड झाली, तेव्हा ती रयतेला मोकळी झाली. जेथे पूर्वी पहारेकरी उभे असत, तेथे पुढल्या काळातील कुटुंबे शिदोरी घेऊन जाऊ लागली. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली वनभोजन करावे, श्रावणात डोंगरगणच्या दरीत रामेश्वराचे दर्शन घेऊन झऱ्याच्या पाण्यात पाय सोडून बसावे, हा गृहस्थांच्या घरचा क्रम झाला. ती दरी इंग्रजांनाही इतकी आवडली, की त्यांनी तिला ‘हॅपी व्हॅली’ म्हटले. थंडीत शेतातला हुरडा असे. आगटीत भाजलेली कोवळी कणसे हातावर चोळून गरम दाणे चटणीशी व गुळाशी खावयाचे, आणि ते एकट्याने नव्हे. शेतकऱ्याने शहरातल्या ओळखीच्या घराला बोलावणे धाडावे, आणि त्या घराने आपल्या वाड्यातील दोन बिऱ्हाडे बरोबर घेऊन जावे, अशी ती रीत.

वाड्यातील शेजार हा पाण्यापाशीच जुळे. चौकातला आड, परसातला हौद, त्यावर सकाळी होणारी घागरींची गर्दी. कोणाच्या घरी पाहुणे, कोणाचे मूल आजारी, हे सारे तेथे कळे आणि मदतही तेथूनच निघे. खेड्यातून शिकावयास आलेल्या गरीब मुलाला आठवड्याचा एक वार जेवू घालणे, हे त्या काळच्या महाराष्ट्रातील गृहस्थाचे नित्याचे कर्तव्य होते. मात्र ह्या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे हा अन्याय होईल. ज्या पाण्याने शेजार जोडला, त्यानेच तो तोडलाही. अस्पृश्य मानलेल्या माणसांना त्या आडावर व हौदावर हात लावता येत नसे. १८६८ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद त्यांना खुला केला. १९२३ साली सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला, तरी १९२७ साली महाडच्या तळ्यावर सत्याग्रह करावाच लागला. ज्या शेजाऱ्याला आपल्या पाण्याचा अधिकार नाही, तो शेजारी कसला, हा प्रश्न नगरच्या वाड्यांनाही चुकला नव्हता.

ह्या प्रश्नाचे उत्तर शाळांनी हळूहळू दिले. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन नगरास आले. मिशनच्या मिस सिंथिया फॅरार ह्यांच्याकडे सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले. १८४२ साली ‘ज्ञानोदय’ पत्र येथेच निघू लागले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे घर बराच काळ नगरास होते. बालकवी ठोमरे त्या घरी काही काळ घरच्यासारखे राहिले. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. त्या काळचा शेजार, त्यातला जिव्हाळा आणि सोवळ्याओवळ्याची बोच एकाच वेळी पाहावयाची असेल, त्याने तो ग्रंथ उघडावा.

१९४२ च्या ऑगस्टात त्याच भुईकोट किल्ल्यात पंडित नेहरू, मौलाना आझाद आदी पुढाऱ्यांना कोंडण्यात आले. बाहेर पडण्याची मुभा नाही, तेव्हा नेहरूंनी आतल्या आवारातच बाग करावयास घेतली. ती कठीण जमीन खणताना जुन्या भिंतींचे अवशेष लागले. साडेचारशे वर्षांपूर्वी ज्या भूमीवर विजेत्याने बाग लावली होती, तेथेच बंदिवानाने पुन्हा रोपे लावली.

पुढे २० जून १९४७ रोजी, स्वातंत्र्याला दोन महिनेही उरले नव्हते तेव्हा, डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे ह्यांनी अहमदनगर कॉलेज स्थापिले. तोपर्यंत जिल्ह्यातील मॅट्रिक झालेल्या मुलाला पुढल्या शिक्षणासाठी पुण्यामुंबईची वाट धरावी लागे, आणि ज्याच्या बापाची ऐपत नसे, त्याचे शिक्षण तेथेच थांबे. आता पाथर्डी-पारनेरच्या दुष्काळी भागातला मुलगा शहरात खोली घेऊन राहू लागला. निराळ्या घरचे, निराळ्या जातींचे, निराळ्या धर्मांचे विद्यार्थी एका बाकावर आले. पण बाकावर शेजारी बसणे वेगळे, आणि शहाडोंगर चढून गेल्यावर दमलेल्या सोबत्याच्या हातचे पाणी पिणे वेगळे. वाड्यातील हौदाला जे साधले नाही, ते अशा सहलीत साधण्याची वाट त्यामुळे खुली झाली. म्हणून कॉलेजच्या अभ्यासाइतकेच त्याभोवतालच्या डोंगरांना आणि दऱ्यांना शिक्षणात स्थान आहे.

आता नगरच्या नळांना मुळा धरणाचे पाणी येते. खापरी नळ मातीत दडले, फराहबागेचे तळे कोरडे पडले, वाड्यांच्या जागी सदनिका उभ्या राहिल्या. घरोघर नळ आला हे चांगलेच झाले. घागरीच्या ओझ्याखाली वाकलेल्या बायकांची त्याने सुटका केली, आणि कोणी कोणाला पाण्यावाचून अडविण्याचे कारणही त्याने नाहीसे केले. मात्र पाणवठ्यावर आपोआप होणारी भेट आता मुद्दाम घडवून आणावी लागते. त्यास जागा अजून आहेत. शहाडोंगरावरची कबर उभी आहे, डोंगरगणची दरी आहे, आणि थंडीत ज्वारी निसवतेच आहे. शेजारच्या घराला हाक मारून बरोबर निघावे, आणि कोणाला हाक मारली व कोणाला मारावयाची राहिली, ह्याचा विचार निघण्यापूर्वी प्रत्येक घराने करावा.