गालिबचं पाकीट ते व्हॉट्सॲप ग्रुप: कवितेला उत्तर कोण देतं?

हा आपल्या या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. इयरफोन घरी विसरला असाल किंवा लोकलमध्ये आवाज ऐकू येत नसेल, तर वाचून काढा. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय.

सुरुवात माझ्याच एका फजितीने करतो.

काही वर्षांपूर्वी मी एका हौशी कवींच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये शिरलो. मी इंजिनिअर, दिवसभर कोड लिहिणारा. रात्री मात्र गझल लिहायची खुमखुमी. पहिली गझल टाकली, तिची पहिली ओळ अशी होती:

पावसाची वाट होती, अन् आलं ऊन हे

दहा मिनिटांत तीसेक 'वाह', 'क्या बात', टाळ्या, गुलाबाची फुलं. मी हवेत! रात्री अकराला एक खाजगी मेसेज आला. ग्रुपमधले एक काका, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. त्यांनी लिहिलं होतं: "छान आहे. पण तिसऱ्या तुकड्यात एक मात्रा कमी आहे. आणि पावसाची वाट होती म्हणजे काय रे? पाऊस त्या रस्त्याने येणार होता का?"

आधी राग आला. मग बोटांवर मोजलं. लघु अक्षराची एक मात्रा, गुरू अक्षराच्या दोन. माझ्या ओळीचा साचा होता गालगागा, गालगागा, गालगागा, गालगा. यात 'गा' म्हणजे गुरू, 'ल' म्हणजे लघु. 'पावसाची' बसतं, 'वाट होती' बसतं. तिसरा तुकडा 'अन् आलं'. तिथे गा-गा-गा, सहाच मात्रा. हव्यात सात. काकांनी 'अन् आलं'चं 'आणि आले' केलं, 'वाट'ची 'आस' केली, आणि ओळ झाली:

पावसाची आस होती, आणि आले ऊन हे

दोन-तीन शब्दांचा फरक. पण तीस जणांच्या टाळ्यांनी मला जे शिकवलं नव्हतं, ते या एका मेसेजने शिकवलं. आमच्या भाषेत सांगायचं तर, तीस लोकांनी कोड न वाचता 'अप्रूव्ह' दाबलं होतं. एकाने खरंच वाचला.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात बसला. एकमेकांना कधी न भेटलेले लोक एकमेकांच्या कविता वाचतात, दुरुस्त करतात, भांडतात. हे नेमकं कधीपासून चालू आहे? इंटरनेट आल्यावर? नाही मंडळी. बरंच आधीपासून.

अर्धा आणा आणि पाव तोळा

१८५४ साल. इंग्रजांच्या राजवटीत टपालाचा कायदा बदलला. त्याआधी पत्राचं भाडं अंतरावर ठरायचं, म्हणजे जितकं लांब, तितकं महाग. नव्या नियमाने पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला, देशात कुठेही पाठवा, अर्धा आणा. पाव तोळा म्हणजे साधारण तीन ग्रॅम, एखादा पातळ कागद. एक गझल त्यावर आरामात मावते!

आता दिल्लीत या. बल्लीमारान भागात मिर्झा गालिब राहतायत. १८५४ मध्येच ते बादशहा बहादूरशहा जफरचे काव्यगुरू झालेत. उर्दू-फारसीत गुरू-शिष्याची एक पक्की पद्धत आहे, तिला 'इस्लाह' म्हणतात, म्हणजे सुधारणा. शिष्य कविता दाखवतो, उस्ताद शब्द बदलतो, चूक सांगतो, कारण सांगतो. हे एरवी समोरासमोर बसून चालायचं.

तीनच वर्षांत १८५७ आलं. दिल्ली पडली, बादशहाला रंगूनला धाडलं, लाल किल्ल्यातले मुशायरे संपले. ओळखीची माणसं गेली, पांगली. गालिब त्या उजाड शहरात राहिले आणि त्यांची मैफल उरली ती टपालात. सिकंदराबादचे (हे उत्तरेतलं, बुलंदशहरजवळचं) हरगोपाल 'तफ़्ता' हे त्यांचे लाडके शिष्य. तफ़्ता हिंदू कायस्थ, लिहायचे फारसीत, आणि गालिब त्यांना प्रेमाने 'मिर्झा तफ़्ता' म्हणायचे. या एका माणसाला गालिबनी लिहिलेली शंभराहून जास्त पत्रं आज उपलब्ध आहेत. त्यात काय नाही! हा शब्द फारसीत चालतो का, इथे अर्थ कुठे अडतो, आणि मधेच पेन्शनचं रडगाणं.

रामपूरचे नवाब युसुफ अली खान हेही टपालातले शिष्य. ते गझला पाठवायचे, गालिब दुरुस्त करून परत पाठवायचे. १८५९ पासून नवाबांनी गालिबना महिना १०० रुपये सुरू केले. 'रिमोट वर्क' म्हणा हवं तर.

आता महत्त्वाची गोष्ट. १८५८ च्या सुमाराला तफ़्ता आणि काही मंडळींनी म्हटलं, ही पत्रं छापूया. गालिब आधी चक्क नको म्हणाले. पुढे ते तयार झाले. 'ऊद-ए-हिंदी' हा पत्रसंग्रह १८६८ मध्ये आला आणि 'उर्दू-ए-मुअल्ला' १८६९ मध्ये, गालिब गेल्यानंतर काही आठवड्यांत. आज उर्दू गद्याचा इतिहास या पत्रांशिवाय सांगताच येत नाही. पण ती छापता आली कशामुळे? पत्र ज्यांना आलं, त्यांनी ते जपून ठेवलं होतं म्हणून. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी परत येणार आहे.

पुण्याचा चहा, नागपूरचं टपाल

आता आपल्याकडे. १९२३ मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ जमलं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे ही त्यातली काही नावं. ही मंडळी रविवारी चहाला जमायची आणि एकमेकांच्या कविता ऐकायची. यशवंत आणि गिरीश यांनी तर गावोगाव कविता गाऊन दाखवून लोकांना कवितेची गोडी लावली. आणि प्रतिसाद फक्त कौतुकाचा नव्हता बरं का! आचार्य अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावाने 'झेंडूची फुले'मध्ये त्या काळच्या कवींची यथेच्छ विडंबनं केली. तेही एक उत्तरच. चांगलं विडंबन करायला मूळ कविता बारकाईने वाचावीच लागते.

त्यातले माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, फारसीचे प्राध्यापक. फारसीतली गझल त्यांनी मराठीत आणली, तिची वृत्तं मांडून दाखवली. 'गज्जलांजली' १९३३ मधली. 'छंदोरचना' या त्यांच्या ग्रंथाला मुंबई विद्यापीठाने डी.लिट. दिली. म्हणजे काकांनी मला जी मात्रा मोजून दाखवली, तिच्या मागे हे असं घराणं आहे.

पुढची कडी सुरेश भट. गझल मराठीत रुजवायची तर नवीन मुलांना तिचे नियम कळायला हवेत, म्हणून त्यांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली. छोटीशी पुस्तिका, आणि ती ते होतकरू कवींना टपालाने पाठवायचे. कुठल्याशा तालुक्याच्या गावातलं पोरगं कविता पाठवतं आणि सुरेश भटांकडून बाराखडी घरी येते, विचार करा! परत तेच. गालिबच्या दिल्लीसारखं, पाकिटातून चाललेलं शिक्षण.

भट २००३ च्या मार्चमध्ये गेले. पुढच्याच वर्षी ऑर्कुट आलं.

फॉन्टचा घोळ आणि मग गर्दी

खरं तर मराठी माणूस त्याआधीच ऑनलाइन कविता लिहायला लागला होता. 'मायबोली' १९९६ मध्ये सुरू झाली, अमेरिकेतल्या मराठी मंडळींकडून. तेव्हा मोठी अडचण होती अक्षरांची. शिवाजी, किरण, सुशा असे वेगवेगळे फॉन्ट होते. त्यात दिसायला 'क' असायचा, पण आत साठवलेलं असायचं भलतंच इंग्रजी अक्षर. समोरच्याकडे तोच फॉन्ट नसेल, तर तुमची विरहाची कविता त्याला निव्वळ कचरा दिसायची. त्यामुळे कितीतरी जण रोमन लिपीतच मराठी लिहायचे.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ चीच, आणि तिच्यात देवनागरी होती. पण साध्या घरगुती कॉम्प्युटरवर ती नीट चालायला पुढची बरीच वर्षं गेली. ती चालायला लागली आणि चित्र पालटलं. २००४ मध्ये 'मनोगत' आलं, तिथे थेट देवनागरीत टंकता यायचं आणि शुद्धलेखन तपासायची सोयही होती. मग 'मिसळपाव' आलं. या सगळ्या ठिकाणी नाशिकचा विद्यार्थी, न्यू जर्सीचा इंजिनिअर आणि सोलापूरच्या शिक्षिका एका कवितेखाली भेटू लागल्या. कुणी वृत्त तपासतंय, कुणी 'तिसरं कडवं काढून टाका' म्हणतंय, आणि कुणी तासाभरात विडंबन करून टाकतंय. अत्र्यांचीच परंपरा, फक्त झेंडूची फुलं आता कीबोर्डवर उगवत होती.

यात एक मोठी गोष्ट घडली. पुण्याच्या त्या चहाच्या टेबलाला मर्यादा होती. तुम्ही शहरात हवे होतात, कुणाच्या तरी ओळखीचे हवे होतात. नऊ जणांत मनोरमाबाई एकट्या बाई होत्या. ऑनलाइन मात्र टोपणनाव घ्या आणि लिहा. घरी कुणाला माहीत नसताना कविता लिहिणाऱ्या किती बायकांना पहिला वाचक असा मिळाला असेल!

मग सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा पाण्यासारखा स्वस्त झाला. १८५४ चा अर्धा आणा परत आला, फक्त आता पाव तोळ्याचीही अट नव्हती.

मग बिघडलं कुठे?

माझ्या मते, इथे. गालिबच्या शिष्याला उत्तरासाठी दिवसेंदिवस थांबावं लागायचं, पण उत्तर आलं की त्यात त्याच्या ओळीवर विचार केलेला असायचा. आपल्याला उत्तर तीन सेकंदांत येतं आणि त्यात एक पिवळा चेहरा असतो. पाठवणं स्वस्त झालं, वाचणं नाही. एक गझल नीट वाचायला १८५८ मध्ये जेवढा वेळ लागायचा, तेवढाच आजही लागतो. दिवसाला पन्नास कविता पडणाऱ्या ग्रुपमध्ये तो वेळ कुणाकडे आहे?

आणि मग खोटं कौतुक हाच नियम होतो. आमच्या ग्रुपमध्ये तेच झालं. काकांनी एकदा सगळ्यांसमोर एका कवितेतली मात्रा दाखवली. लिहिणाऱ्याला अपमान वाटला, वाद पेटला. ॲडमिनने नियम टाकला: 'इथे फक्त प्रोत्साहन द्यावे, टीका नको.' दुसऱ्या दिवशी काका ग्रुपमधून बाहेर पडले. मी तेव्हा काकांच्या बाजूने एक अक्षर लिहिलं नाही. मला पटत होतं, तरी गप्प बसलो. हे आज सांगताना बरं वाटत नाहीये.

तरी आमचं खाजगीत चालू राहिलं, जवळजवळ तीन वर्षं. मी ओळ पाठवायचो, ते रात्री उत्तर द्यायचे. मग मी फोन बदलला. बॅकअप घेतलाय असं मला वाटत होतं. घेतला नव्हता. लोकांच्या डेटाची काळजी घेण्याचा पगार मिळतो मला, आणि माझ्याकडे त्या तीन वर्षांतलं काहीही उरलं नाही.

काकांना फोन केला. म्हटलं, "काका, तुमच्याकडे असेल ना आपलं सगळं?" ते म्हणाले, "नाही रे बाळा, मलाही पोराने नवीन फोन दिला. जाऊ दे. शिकलास ना? मग झालं." त्यांचा मुद्दा खरा आहे. पण माझ्या डोक्यात तफ़्तांनी जपलेली ती पत्रं होती. या भागाच्या सुरुवातीची ओळ मी आठवून सांगितली. तशा शेकडो ओळी होत्या. काय चुकलं होतं, का चुकलं होतं, ते सगळं गेलं.

ऑर्कुटही ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. तिथे रंगलेल्या कवितांच्या चर्चा आज कुठे शोधायच्या? लोक स्वतःची कविता कुठेतरी उतरवून ठेवतात, पुस्तक काढतात. कवितेखालचं उत्तर मात्र कुणी जपत नाही. आणि पन्नास वर्षांनी कुणाला विचारायचं असेल की २०२० च्या आसपास साधी माणसं मराठी कविता कशी शिकली, तर त्याचा पुरावा नेमका त्या उत्तरांतच होता.

म्हणून आज दोन कामं देतो, दोन्ही मोबाइलवर होतात.

एक: तुमची ज्या माणसाशी कवितेवर, गाण्यावर, कशावरही अशी खरी देवाणघेवाण झाली असेल, ते चॅट उघडा. वरच्या तीन टिंबांत 'एक्सपोर्ट चॅट' सापडेल. साधी मजकुराची फाइल होते, ती स्वतःला मेल करा. दोन मिनिटांचं काम आहे. आत्ता करा, भाग थांबवून करा.

दोन: या आठवड्यात कुणाची तरी एक कविता दोनदा वाचा, आणि 'वाह'च्या ऐवजी एक नेमकी गोष्ट लिहा. कुठला शब्द आवडला, कुठली ओळ अडली. सगळ्यांसमोर नको वाटत असेल तर खाजगीत लिहा, काकांसारखं. समोरच्याला कदाचित आधी रागच येईल. मलाही आला होता.

मी हा भाग आधी काकांना पाठवलाय. ते ऐकतील आणि कुठेतरी एक चूक काढतील, याची मला खात्री आहे. या वेळी ती चूक मी वहीत लिहून ठेवणार आहे.

भेटू पुढच्या आठवड्यात!