गर्भाआधीचा इतिहास
मी दौंडला शिकवते, माहेर शिरूरचं. १९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने शिरूर परिसरातील सहा गावांत विवाहितांच्या नोंदी गर्भ राहण्याआधीपासूनच घेतल्या. बाळांचं सरासरी वजन भरलं २.७ किलो, इंग्लंडातली बाळं साधारण साडेतीन किलोंची. आपली बाळं हाडकुळी, तरी अंगात चरबी. पुढे मधुमेहाचा धोका. शेतात-घरात जास्त राबणाऱ्या आयांची बाळं आणखी लहान, पालेभाज्या-फळं खाणाऱ्यांची मोठी.

आमची अम्मी दस्तरखानावर सर्वांत शेवटी बसायची, उरलंसुरलं खायची. आम्ही त्याला सब्र म्हणायचो. दोष तिचा नव्हता, पाहणाऱ्यांचा होता. म्हणून सांगते, मुलीच्या निकाहची तयारी करताना दागिन्यांआधी तिचं ताट बघा.