शोधणाऱ्याचा शब्द

मागच्या महिन्यात मला बी.ए.च्या पदवीची दुसरी प्रत हवी होती. १९७३ सालचा मूळ कागद वाळवीने खाल्ला. नात म्हणाली, "आजोबा, विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सगळं असतं, शोधा की." शोधाच्या चौकटीत 'पदवी प्रमाणपत्र' असे लिहिले. उत्तर आले, एकही नोंद नाही. मग तेच इंग्रजीत लिहिले. तर खुर्च्यांच्या खरेदीची निविदा आणि एका चर्चासत्राचे निमंत्रण हजर! विद्यापीठाचे नाव सांगत नाही, शेवटी मी तिथलाच विद्यार्थी.

गंमत अशी, की संगणकावरचा शोध मुळात विद्यापीठांतच वाढला. १९९० मध्ये कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात ॲलन एमटेज या बार्बाडोसहून आलेल्या विद्यार्थ्याने 'आर्ची' तयार केले. ते फक्त फायलींची नावे शोधत असे, आतला मजकूर नाही. म्हणजे पुस्तकाच्या पाठीवरचे नाव वाचायचे, पान उघडायचे नाही. १९९४ मध्ये सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ब्रायन पिंकर्टन यांच्या 'वेबक्रॉलर'ने पानावरचा प्रत्येक शब्द नोंदवायला सुरुवात केली. आता अडचण उलटी झाली. सापडायचे भरपूर, त्यातले कामाचे कुठले ते कळेना.

मग स्टॅनफर्डचे लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन. त्यांच्या १९९८ च्या निबंधात एक मजेदार नोंद आहे. नोव्हेंबर १९९७ मध्ये चार मोठ्या व्यापारी शोधयंत्रांपैकी एकालाच स्वतःचे नाव टाकल्यावर स्वतःचे पान पहिल्या दहांत सापडत होते! त्यांची युक्ती विद्वानांच्या जगातली होती. ज्या शोधनिबंधाचा दाखला अनेक जण देतात तो महत्त्वाचा, तसेच ज्या पानाकडे अनेक पाने, त्यातही वजनदार पाने, बोट दाखवतात ते वर. गावात चांगला वैद्य कोण हे चार घरी विचारून कळते, तसेच.

मग विद्यापीठाच्या स्वतःच्या घरात हा शोध लंगडा का पडतो? कारण तिथे चार घरे नसतातच. सगळी बोटे एकाच कार्यालयाची. मुख्य पानाकडे शेकडो दुवे, आणि विद्यार्थ्याला हवी ती सूचना एका कोपऱ्यातल्या एकाच दुव्यावर लटकलेली. बरे, कार्यालयाचे शब्द वेगळे. मी 'दुसरी प्रत' म्हणतो, ते 'द्वितीय प्रत निर्गमन' म्हणतात. यंत्राने तरी काय करावे?

मराठीच्या बाबतीत आणखी एक घोळ आहे, तो मला नातीने दाखवला. परीक्षा विभागाला फोन केल्यावर ते परिपत्रक शेवटी मिळाले. ते संकेतस्थळावरच होते! नातीने त्यातली एक ओळ उचलून कोऱ्या पानावर चिकटवली, तर इंग्रजी अक्षरे, कंस आणि स्वल्पविरामांचा नुसता काला. जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण संगणकाच्या लेखी ते एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असते. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले. तरीही असे कागद अजून चढवले जातात. बाकीचे कागद म्हणजे शिक्का मारून काढलेले फोटो. त्यात यंत्राला अक्षर दिसतच नाही.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. मजकूर युनिकोडमध्ये टंकावा. फोटोबरोबर वाचता येईल असा मजकूर द्यावा. आणि लोक चौकटीत काय लिहितात त्याची यादी कोणीतरी महिन्यातून एकदा वाचावी, नेहमीच्या पन्नास प्रश्नांची उत्तरे हाताने वर आणून ठेवावीत. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केली, त्यातले चौथे 'वाचकाचा वेळ वाचवा' हे आहे. तेव्हा संगणक नव्हता.

हे सगळे मी कुलसचिवांना पत्राने कळवले, नमुन्यादाखल तो कालाही छापून जोडला. पत्राचे उत्तर अद्याप नाही. पदवीची प्रत मात्र परवा टपालाने आली. ती आता पत्र्याच्या पेटीत ठेवली आहे.